बॅगेला कुलूप कुठलं लावू?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

जुलै उजाडला की आमच्याकडे एकाच प्रकारचे व्हॉइस मेसेज यायला लागतात. कुणी जर्मनीला मास्टर्सला चाललंय, कुणी अमेरिकेला, कुणाला दुबईत पहिली नोकरी लागलीय. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या असतात, वजनकाटा शेजाऱ्यांकडून आणलेला असतो, आई कपड्यांच्या घड्यांमध्ये मेतकूट आणि भाजणी कोंबत असते, आणि प्रश्न ठरलेला: ‘ताई, बॅगेला कुलूप कुठलं लावू?’

उत्तर देते. पण आधीच सांगते, कुलूप हा या विषयातला सगळ्यात छोटा भाग आहे. काउंटरवर बॅग दिली की ती पट्ट्यावरून एक्स-रेत जाते, तिथून सॉर्टिंगला, मग ट्रॉलीवर, मग विमानाच्या पोटात. लहान विमानात बऱ्याचदा लोडर सुट्या बॅगा हातांनी रचतात, मोठ्या विमानात त्या कंटेनरमधून जातात. मध्ये विमान बदलायचं असेल तर हे सगळं परत एकदा. या पूर्ण वेळात तुमची नजर तिच्यावर नाही. म्हणून मी लोकांना उलटा प्रश्न विचारते. उद्या बॅगेतलं काही गेलं, फुटलं, किंवा नको ते आत सापडलं, तर माझी बॅग कुठली, तिचं वजन किती होतं, आत काय होतं, हे तुला दाखवता येईल का? आज आपण मुख्यतः त्यावर बोलणार आहोत.

बरं, आधी कुलूप.

आपल्या बहुतेक बॅगा चेनवाल्या असतात. दोन रनर एकत्र आणून त्यांच्या कड्यांत कुलूप अडकवायचं, झालं. आता त्या चेनच्या दातांमध्ये साधं बॉलपेन जोरात खुपसलं की चेन मधूनच उसवते. हात घालून हवं ते काढायचं, आणि कुलूपबंद रनरची जोडी चेनवरून एकदा इकडून तिकडे फिरवली की दात परत जुळतात. कुलूप जागच्या जागी. ही युक्ती जगजाहीर आहे, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाहीये. कुलूप दोनशेचं असो की दोन हजारांचं, हल्ला चेनवर होतो.

यावर तोड आहे. रनर एकमेकांना नुसते बांधू नका, बॅगेवरच्या एखाद्या पक्क्या जागी अडकवा. काही बॅगांना बाजूला बसवलेलं कुलूप येतं आणि रनरची टोकं त्यात जाऊन बसतात. अशी बॅग पेनाने उसवता येते, पण रनर हलत नसल्यामुळे चेन परत बंद करता येत नाही. फट उघडी राहते, आणि पट्ट्यावर बॅग आली की तुम्हाला ती लगेच दिसते. तुमच्या बॅगेला तसं कुलूप नसेल तर रनर बाजूच्या हँडलच्या मुळाशी बांधा. चेनच नसलेल्या, क्लिपांनी बंद होणाऱ्या कडक बॅगाही मिळतात. त्या जड असतात आणि २३ किलोच्या हिशोबात ते दोन-तीन किलो फार महाग पडतात, पण चेनचा प्रश्न तिथे येतच नाही.

आता टीएसए लॉक. टीएसए ही अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा. तिथे चेक-इन केलेली बॅग तुमच्या गैरहजेरीत उघडून तपासायचा तिला अधिकार आहे, आणि साधं कुलूप असेल तर ते तोडूनही उघडतात. म्हणून २००३ च्या सुमाराला लाल चौकटच्या खुणेची कुलपं बाजारात आली. त्यांना एक मास्टर किल्ली लागते, ती टीएसएकडे असते. कुलपावर बारीक अक्षरात टीएसए ००२, टीएसए ००७ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो किल्लीचा नंबर. बॅग तपासली की आत एक छापील चिठ्ठी ठेवतात, ‘आम्ही उघडली होती’ म्हणून.

पण २०१४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राने बॅगांच्या तपासणीवर लेख छापला, आणि त्यात या मास्टर किल्ल्यांचा स्वच्छ, जवळून काढलेला फोटो होता! पुढच्याच वर्षी त्या फोटोवरून लोकांनी किल्ल्यांच्या थ्रीडी प्रिंटच्या फायली बनवून इंटरनेटवर टाकल्या. त्यामुळे टीएसए लॉक अमेरिकेला जाताना जरूर लावा, कुलूप तुटणार नाही एवढा त्याचा फायदा आहे. चोराला ते अडवेल या भरवशावर राहू नका.

मला स्वतःला आवडतो तो नायलॉनचा केबल टाय. इलेक्ट्रिकच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मूठभर मिळतात. एकदा ओढला की कापल्याशिवाय निघत नाही. कापलेला किंवा बदललेला असेल तर बॅग उघडली होती हे तिथल्या तिथे कळतं. काळा-पांढरा घेऊ नका, तो कुणाकडेही असतो. पोपटी, जांभळा, असा काहीतरी विचित्र रंग घ्या आणि बांधल्यावर फोटो काढा. तो कापायला नेलकटर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आतल्या नाही, नाहीतर हॉस्टेलवर पोचल्यावर दातांनी कुरतडत बसाल.

कुलपाचं झालं. आता ज्याची खरी तयारी करायची ते.

विमानतळांना बॅगेची यंत्रणा पुरवणारी सिटा नावाची संस्था दरवर्षी अहवाल काढते. २०२४ चा आकडा होता दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांचा काहीतरी घोळ. त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश बॅगा फक्त उशिरा पोचल्या होत्या. म्हणजे चोरीची धास्ती सगळ्यांना, पण प्रत्यक्षात तुमची बॅग दोहा किंवा फ्रँकफर्टमध्ये मागे राहून दोन दिवसांनी घरी येण्याची शक्यता जास्त. आणि ते दोन दिवस तुम्ही नव्या देशात, एका टीशर्टवर. म्हणून औषधं, चष्मा, एक जोडी कपडे, चार्जर, आणि सगळी मूळ कागदपत्रं, ॲडमिशन लेटर, मार्कशीट, सगळं केबिन बॅगेत. ट्रान्सक्रिप्टची सीलबंद पाकिटं चेक-इनमध्ये टाकणारी मुलं मी पाहिलीत. का रे बाबांनो?

दागिन्यांवर थोडं थांबून बोलते, कारण इथे घरोघरी वाद होतो. ‘हँडबॅगेत कुणी मारेल, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या खाली सुरक्षित राहील,’ असं आई-मावशी म्हणतात. एसटीत ते बरोबर होतं, तिथे बॅग पायाखाली असायची. विमानात उलटं आहे. सोनं, रोख पैसे, लॅपटॉप, कॅमेरा चेक-इनमध्ये ठेवू नका असं जवळजवळ प्रत्येक विमान कंपनी आपल्या अटींत लिहून ठेवते, आणि गेल्यावर त्याच ओळीवर बोट ठेवते. बरं, भरपाईला मर्यादाही आहे. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत. पुण्याहून दिल्लीला लग्नाला निघालेल्या बॅगेत एक पैठणी आणि चार तोळे असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. तिथे मर्यादा एसडीआर नावाच्या हिशोबी चलनात आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून ती प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, दर बदलतो तसं थोडं मागेपुढे. ही कमाल मर्यादा आहे हं, सरसकट मिळणारी रक्कम नाही. तुमचं नुकसान किती झालं ते तुम्हालाच दाखवावं लागतं. जास्त किमतीची वस्तू चेक-इन करायचीच असेल, समजा कुणाचा तबला आहे, तर काउंटरवर आधी किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय त्या करारात आहे. ती फारशी कुणी वापरत नाही, कारण माहीतच नसते.

आणि काय ठेवायचं नाही याची दुसरी बाजू. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्यायच्या. ई-सिगारेट, लायटर तर नाहीच. आणि आपल्याकडचा हमखास सापडणारा गुन्हेगार म्हणजे सुकं खोबरं! त्यात तेल इतकं असतं की आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. एक्स-रेत असं काही दिसलं की भारतात बहुतेक वेळा प्रवाशालाच बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडतात. तुम्ही कानात इअरबड घालून गेटवर रील बघत बसलात आणि नावाची घोषणा ऐकली नाही, तर विमान तुम्हाला घेऊन उडेल आणि बॅग इथेच राहील. खोबऱ्याची वाटी काढून घ्या, आजी रागावली तरी चालेल.

आता एक गोष्ट सांगते, जी ऐकल्यापासून मी काउंटरवर बॅगेचे फोटो काढायला लागले.

मार्च २०२३. ब्राझीलच्या दोन महिला सुट्टीवर युरोपला निघाल्या. साओ पावलोच्या ग्वारुलोस विमानतळावर विमान बदलून फ्रँकफर्टला. तिथे उतरल्यावर पोलिसांनी त्यांना अटक केली, कारण त्यांच्या नावाचे टॅग लावलेल्या दोन सुटकेसमध्ये मिळून ४० किलो कोकेन सापडलं होतं. सुटकेस त्यांच्या नव्हत्याच. ग्वारुलोसला बॅगा हाताळणाऱ्यांतल्या टोळीने त्यांच्या खऱ्या बॅगांचे टॅग काढून कोकेनच्या बॅगांना चिकटवले होते. त्यांच्या बॅगेचं कुलूप फोडायची कुणाला गरजच पडली नाही. त्या दोघी ३८ दिवस जर्मन तुरुंगात होत्या. ब्राझीलच्या पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रण मिळवलं, चेक-इनला दिलेल्या बॅगा वेगळ्याच दिसत होत्या हे पुढे आलं, तेव्हा त्या सुटल्या.

असं रोज होत नाही, घाबरवायचा हेतू नाही. पण बघा, त्यांची सुटका ज्यावर झाली ती गोष्ट म्हणजे ‘आमची बॅग ही होती’ याचं चित्र. ते त्यांच्याकडे नव्हतं, विमानतळाच्या कॅमेऱ्यात होतं. तुमच्याकडे तर खिशात कॅमेरा आहे. बॅग काउंटरच्या पट्ट्यावर, टॅग लागलेला, जमलं तर वजनाचा आकडाही दिसतोय, असा एक फोटो काढा. दोन सेकंदांचं काम. टॅगवर दहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा सोडा, पुढचे तीन विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, इंडिगोचे ३१२. उरलेले सहा तुमच्या बॅगेचे. त्याचीच छोटी चिठ्ठी बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात, आणि आपण ती विमानात बसल्यावर गोळा करून टाकतो. टाकू नका. टॅगवर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण असते. मुंबईची बीओएम, पुण्याची पीएनक्यू, फ्रँकफर्टची एफआरए. ती तुमच्या तिकिटाशी जुळतेय का हे तिथेच बघा. चुकीची असेल तर काउंटरवर अर्ध्या मिनिटात सुधारता येते, नंतर आठवडा जातो. आणि मागच्या प्रवासाचे जुने टॅग, ते चिमुकले बारकोडचे स्टिकरसुद्धा, खरवडून काढा. मशीनने चुकून तो वाचला तर बॅग गेल्या वर्षीच्या गावाला जाईल.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे. २०१९ मध्ये एक तरुण जोडपं दोह्याला गेलं. एका नातेवाईक बाईंनी हनीमूनची भेट म्हणून ती ट्रिप दिली होती, आणि जाताना एक पाकीट सोबत दिलं, जर्दा आहे असं सांगून. दोह्याच्या विमानतळावर बॅगेतून ४.१ किलो चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली. ती बाई तेव्हा गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मलं. इकडे वडिलांनी तक्रार केली, नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोने तपास करून ते फसवले गेल्याचं पुढे आणलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये दोघं बाळाला घेऊन मुंबईत परतली.

हे ऐकल्यावर सगळे म्हणतात, अनोळखी माणसाचं सामान घेऊच नये. पण हे अनोळखी माणसाचं नव्हतं ना! आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की अख्ख्या सोसायटीला आपला न्यू जर्सीतला भाचा आठवतो. ‘एवढंसं पाकीट आहे, ने ना बाळा.’ आणि वीस-बावीस वर्षांच्या पोराला काकूंना नाही म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर सरळ सांगायचं, ‘काकू, मी उघडून बघतो आणि मग माझ्या हाताने पॅक करतो.’ ज्यांना त्याचा राग येईल त्यांचं पाकीट तर नकोच. घरच्यांनी भरलेल्या बॅगेलाही हाच नियम लावा. कुठल्या डब्यात काय आहे ते तुम्हाला माहीत हवं, कारण विमानतळावर ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का’ हे तुम्हालाच विचारणार आहेत. निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान पलंगावर मांडून त्याचा एक व्हिडिओ काढा. महागाच्या वस्तूंची बिलं स्वतःलाच मेल करून ठेवा. बॅगेच्या आत, सगळ्यात वर, एका कागदावर नाव, देशाच्या कोडसकट फोन नंबर, ईमेल आणि प्रवासाची तारीख-विमान लिहून ठेवा. बाहेरचा टॅग फाटला तर बॅग कुणाची हे शोधायला ती उघडतात, तेव्हा हा कागद कामाला येतो. बाहेर मात्र घराचा पूर्ण पत्ता लिहू नका. घर पंधरा दिवस रिकामं आहे ही जाहिरात कशाला?

आता उतरल्यावर काय.

पट्ट्यावरून बॅग उचलली की घाईघाईत बाहेर पळू नका. टॅगवरचं नाव वाचा, कारण काळ्या-निळ्या ट्रॉली बॅगा सगळ्यांच्या सारख्याच दिसतात आणि चुकून अदलाबदल होतेच. मग केबल टाय बघा, चेन बघा, चाकं बघा. काही गडबड वाटली तर तिथेच, हॉलमध्येच, विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जा आणि पीआयआर मागा. प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट. बॅग आली नसेल तरी हेच. त्याचा एक नंबर मिळतो, विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन आणि पाच आकडे. ‘बाहेर जाऊन कस्टमर केअरला फोन करा’ असं कुणी म्हटलं तर गोड हसून तिथेच उभं राहायचं. एकदा तुम्ही हॉल सोडलात की बॅग टॅक्सीत फुटली की विमानात, हा वाद सुरू होतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी ऐका. नेवार्कवरून पुढे शिकागोला जायचं असलं तरी सहसा बॅग पहिल्या अमेरिकन विमानतळावर उचलून, कस्टममधून नेऊन परत द्यावी लागते. तिथे ती बघून घ्या, फोटो काढा. भारतात परत येतानाही बहुतेक वेळा तसंच.

आणि पीआयआर केला म्हणजे दावा केला असं समजू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली किंवा आतलं सामान गेलं तर बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कोर्टात जायची मुदत दोन वर्षं. ईमेल करा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. बॅग येईपर्यंत घेतलेल्या टूथब्रशपासून स्वेटरपर्यंतच्या पावत्या जपा. भारतात कंपनी दाद देत नसेल तर नागरी विमान मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल आहे, ॲपही आहे, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. तिथे तुमचा काउंटरवरचा फोटो, टॅगची चिठ्ठी, पलंगावरचा व्हिडिओ आणि पीआयआर एकत्र लावले की बोलणं वेगळ्याच सुरात होतं.

एअरटॅगबद्दलही खूप जण विचारतात. टाका. त्यातली बॅटरी नाण्याएवढी असते, ती चालते. तो चोरी थांबवत नाही, पण काउंटरवरचा माणूस ‘बॅग ट्रेस होत नाहीये’ म्हणत असताना तुम्ही ‘ती अबू धाबीच्या विमानतळावर आहे’ हे दाखवू शकता. २०२४ च्या शेवटापासून ॲपलने ते लोकेशन विमान कंपनीला लिंकने देण्याची सोयही केलीय. ॲन्ड्रॉइडवाल्यांना तसले दुसरे ट्रॅकर मिळतात. फक्त लोकेशन बघून स्वतः कुणाच्या घरी बॅग आणायला जाऊ नका, ते पोलिसांना दाखवा.

राहिलं प्लॅस्टिक रॅपिंग. कोल्हापूरहून एका दादांनी विचारलंय, विमानतळावर पैसे देऊन गुंडाळून घ्यावं का. जुनी, चेन कमकुवत झालेली बॅग असेल, बाहेर कप्पे असतील, लोणच्याची बरणी असेल तर घ्या. अमेरिकेला जाताना ते तपासणीत कापलं जाऊ शकतं आणि परत कुणी गुंडाळून देत नाही. आणि गुंडाळायच्या आधी तो खोबऱ्याचा तुकडा आत राहिला नाही ना, ते बघा, कारण बोलावलं तर पूर्ण सोलावं लागेल.

पुढच्या भागात परदेशात पोचल्यावर पहिलं सिम आणि बँक खातं. प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवा, एका मिनिटाच्या आत बसवा, प्लीज. भेटू.